खोल पाणी कीं उथळ पाणी? : खाडीवरील जिताड्याच्या गळाचा विचार

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, म्हणजे खाडीकांठच्या शेतकऱ्याच्या हातीं थोडा मोकळा वेळ येतो. अशा वेळीं गळ व दोरी घेऊन बांधावर जाऊन बसण्याची रीत आमच्या कोंकणपट्टींत फार जुनी आहे; आणि ती केवळ करमणुकीची नव्हे, घरच्या पानांत मासा पडतो हा तिचा रोकडा लाभ आहे. परंतु गळ टाकणारा मनुष्य बहुधा एक ठरीव समजूत बरोबर घेऊन निघतो. मोठा मासा खोल पाण्यांतच असावयाचा, ही ती समजूत. तिच्यापायीं तो खाडीच्या मध्यप्रवाहांत साधेल तितकी लांब दोरी फेंकतो, तिन्हीसांजेपर्यंत वाट पाहतो आणि रिकाम्या हातानें घरीं परततो. त्याच वेळीं त्याच्या बगलेस, तिवरांच्या मुळांशीं गुडघाभर पाण्यांत, तीन-चार किलोंचा जिताडा बोयींच्या थव्यामागें फिरत असतो. याच्या उलट, ज्यास एकदां उथळांत मासा लागला तो पुढें वर्षभर उथळाचाच अभिमानी होऊन बसतो. दोघांच्याहि हातून एकच गोष्ट राहते, ती पाण्याची पारख. ती कशी करावी याचें विवेचन येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे. गोराई, मनोरी, वेसावें, भांडुप, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांतील खाड्या व पवईचें तळें हीं उदाहरणादाखल घेतलीं आहेत. परंतु वसई, उरण, पेण, अलिबाग या बाजूच्या वाचकांसहि त्यांतील बराच भाग लागू पडेल. शिवाय ज्यांच्या मालकीचें खाजण आहे व ज्यांनीं त्यांत मासा वाढविला आहे, त्यांच्या दृष्टीनें हा प्रश्न एका दिवसाच्या गळाचा नसून वर्षाच्या उत्पन्नाचा आहे. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

प्रथम माशाची ओळख. जिताड्यास कोळी लोक खजुरा असेंहि म्हणतात. गोमंतकांत तो चोणक, बंगाल्यांत भेटकी व ऑस्ट्रेलियांत बॅरामुंडी या नांवांनीं प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत नद्यांतून व तळ्यांतून बास नांवाचे मासे गळानें धरण्याचा मोठा षोक आहे, आणि आज बास खोलांत आहे कीं उथळांत, हा तेथील गळवाल्यांचा नित्याचा वाद होय. आमच्या जिताड्यास इंग्रजींत आशियाई समुद्री बास म्हणतात. कुळानें तो अमेरिकन बासाहून निराळा आहे. तथापि दबा धरून शिकार करण्याचा स्वभाव दोघांचा सारखा, म्हणून वादहि सारखाच लागू पडतो. जिताड्याचें तोंड मोठें, खालचा जबडा वरच्याहून पुढें आलेला, शेपूट रुंद व गोलसर असते. ही ठेवण लांब पाठलागाची नव्हे. खडक, पुलाचा खांब, पडलेलें झाड, तिवरांचीं मुळें, उघाडीचें तोंड यांच्या आडोशास तो निश्चल उभा राहतो, व समोरून बोय किंवा कोळंबी आली कीं एका झेपेंत गिळतो. खालचा जबडा पुढें असल्यामुळें डोक्यावरील भक्ष्य घेणें त्यास सोईचें जातें. म्हणून आमिष त्याच्या वर असावें, पोटाखालीं नसावें. खोल पाण्यांत तळाला टेकलेलें आमिष बहुतेक वेळां शिंगाळ्यांच्या व खेंकड्यांच्या वाट्यास जातें, आणि गळवाला मात्र येथें जिताडा नाहीं असें म्हणून उठतो!

त्याची वीण पावसाळ्याच्या दिवसांत खाडीच्या मुखाजवळील खाऱ्या पाण्यांत होते. पिल्लें भरतीबरोबर आंत शिरतात व तिवरांत, खाजणांत, प्रसंगीं भाताच्या खांचरांतील पाण्यांतहि वाढतात. मोठीं झालीं कीं पुन्हां खाऱ्या पाण्याकडे वळतात. आणखी एक चमत्कार या माशाचा असा कीं, तो आरंभीं नर असतो व वयानें आणि वजनानें वाढल्यावर मादी होतो. पांच-सहा किलोंच्या वरचा जिताडा बहुधा मादीच समजावी. तात्पर्य, खाऱ्या खोल पाण्यांत जन्म, उथळांत बालपण, आणि पुढें दोहोंमध्यें ये-जा, असा हा जीव आहे. त्याचें एकच ठिकाण ठरवूं पाहणें म्हणजे गुरें सदा गोठ्यांतच असतात असें धरून चालण्यासारखें आहे. गुरें केव्हां गोठ्यांत व केव्हां रानांत, हें ज्यास ठाऊक तोच त्यांना शोधूं शकतो.

खाडीपुरतें बोलावयाचें तर हा वेळ ठरविणारी मुख्य शक्ति भरती-ओहोटी होय. शेतांतील खोल व उथळ जागा कायमच्या असतात. खाडींत त्या दर सहा तासांनीं पालटतात. मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण उधाणास भरती व ओहोटी यांच्या पातळींत सुमारें १२ फुटांचें अंतर पडतें, मोठ्या उधाणास तें १५ फुटांच्याहि वर जातें. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, तेंच अंतर ५ फुटांच्या आसपास येतें. एकाच दगडावर बसून एकाच जागीं गळ टाकणारा मनुष्य सकाळीं दोन पुरुष पाण्यांत मासा धरीत असतो व दुपारीं चिखलांत. यास्तव निघण्यापूर्वी भरतीची वेळ काढावी. जुन्या लोकांची रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, एकादशीस सव्वाआठ वाजतां, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा वाजतां. जशी दिवसां तशीच रात्रीं. हिशेब स्थूल आहे, अर्धा-पाऊण तास मागें-पुढें होतो. आणि ठाण्याच्या खाडीच्या आंतल्या टोंकास, मुलुंडकडे, भरती मुखापेक्षां उशिरां पोंचते. छापील कोष्टक हातीं असल्यास तें अवश्य पाहावें. मात्र पौर्णिमेच्या दिवशींच सर्वांत मोठें उधाण असतें असें समजूं नये. तें बहुधा एक-दोन दिवसांनीं मागाहून येतें.

आतां जिताड्याची हालचाल पाहूं. मनोरीच्या खाडीचा एकादा भाग डोळ्यांपुढें आणावा: मध्यें मुख्य प्रवाह, दोन्ही बाजूंस चिखलाच्या भाटी, भाटींच्या मागें तिवरें, आणि तिवरांतून निघून प्रवाहास मिळणारे लहान ओढे. भरती चढूं लागली कीं बोयींचे थवे व कोळंबी पाण्याच्या कडेबरोबर भाटीवर चढतात, कारण नुकत्याच भिजलेल्या चिखलांत त्यांचें खाद्य असतें. जिताडा त्यांच्या मागोमाग येतो. भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासास तो भाटीच्या कडेला, व पाणी तिवरांत शिरलें कीं मुळांच्या बाहेरील ओळीशीं सांपडतो. या वेळीं खोल प्रवाहांत गळ टाकणें म्हणजे पाहुणे जेवावयास बसल्यावर त्यांस वेशींत शोधणें होय. पूर्ण भरतीस पाणी ठरलें कीं तासभर मासा सुस्त असतो, व तिवरांच्या दाटींत इतका पसरलेला असतो कीं गळवाल्यानें तो वेळ दोऱ्या नीट करण्यांत घालवावा हेंच बरें.

खरा मोका ओहोटीच्या पहिल्या अर्ध्या भागांत आहे. पाणी उतरूं लागतांच भाटीवर चढलेले सर्व लहान मासे परत प्रवाहाकडे येऊं लागतात आणि त्यांना वाट एकच असते, ती म्हणजे लहान ओढ्यांचीं तोंडें. ओढ्याचें उथळ पाणी जेथें मुख्य प्रवाहाच्या खोल पाण्यांत एकदम पडतें तेथें एक पायरी असते. त्या पायरीच्या खालच्या बाजूस, खोलांत अंग व उथळाकडे तोंड करून, जिताडा उभा असतो. तेव्हां त्यास खोलांतला म्हणावें कीं उथळांतला? आमच्या मतें मूळ प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. गळवाल्यानें खोल किंवा उथळ न शोधतां दोहोंची शींव शोधावी, आणि त्या वेळीं भक्ष्य शिंवेच्या कोणत्या बाजूनें कोणीकडे चाललें आहे तें पाहावें. आमिष उथळांत टाकून प्रवाहाबरोबर पायरीवरून खालीं वाहूं द्यावें. जिवंत बोयीचें पिल्लूं असल्यास उत्तम. नसल्यास मोठी कोळंबी. शिसें इतकेंच हलकें बांधावें कीं आमिष तळापासून हातभर तरी वर राहील.

ओहोटीच्या अखेरीस पाणी मुख्य प्रवाहांतील डोहांत व पुलांच्या खांबांभोंवतालच्या खळग्यांत उरतें. त्या वेळीं मात्र खोल पाण्याचा पक्ष खरा ठरतो. भांगाच्या दिवसांत पाणी तिवरांत फारसें चढतच नाहीं. तेव्हां मासा बहुतेक सर्व वेळ प्रवाहाच्या कडांनींच राहतो, व उथळांत जाऊन बसणाऱ्याची निराशा होते. आणखी असें कीं, उधाणाचें पाणी गढूळ असतें आणि भांगाचें त्या मानानें निवळ. गढूळ पाण्यांत जिताडा भर दुपारींहि उथळांत येण्यास भीत नाहीं. निवळ पाण्यांत तो सावली धरून राहतो व दिवेलागणीस बाहेर पडतो. पाणी निवळ आहे कीं गढूळ हें डोळ्यांनीं ठरविण्यापेक्षां मोजून पाहणें चांगलें. त्याची युक्ति पुढें दिली आहे.

पायरी कोठें आहे, प्रवाह कोणत्या बाजूनें खोल आहे, हें पाण्याखालीं न शिरतां कसें ओळखावें? सर्वांत विश्वासाचा साक्षी म्हणजे ओहोटी. ज्या जागीं गळ टाकावयाचा ती जागा उधाणाच्या पूर्ण ओहोटीस एकदां जाऊन नीट पाहावी. भाटीची कड, ओढ्याचीं तोंडें, पडलेलीं खोडें, जुन्या बांधाचे दगड, सर्व उघडें पडलेलें असतें. एक तास असा घालविल्यास वर्षभर उपयोगी पडतो. हें ज्यास साधत नाहीं त्यानें प्रवाहाचें वळण पाहावें. वळणाच्या बाहेरच्या कांठास पाणी आपटतें व तेथील माती खरवडून नेतें. आंतल्या कांठास तें मंद होऊन गाळ टाकतें. म्हणून बाहेरचा कांठ उभा व खोल, आंतला उतरता व उथळ. पक्षीहि बरेंच सांगतात. भांडुप-मुलुंडच्या भाटींवर हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते चालत चरत असतील तेथें पाणी त्यांच्या पायांहून खोल नाहीं हें उघड आहे. लहान बगळा उभा असेल तेथें वीतभर पाणी समजावें. पाणकावळा बुड्या मारीत असेल तर तेथें खोलीहि आहे व मासाहि. वाऱ्याच्या दिवशीं सर्व पृष्ठभागावर लाटा असतां एकादा पट्टा निराळा दिसला, किंवा ओहोटीच्या वेळीं फेंसाची रेघ एका ठिकाणीं ठरून राहिली, तर तेथें दोन वेगांचीं पाणीं भेटत आहेत असें जाणावें. अशी रेघ बहुधा शिंवेवरच असते.

याखेरीज प्रत्येक गळवाल्यानें जवळ एक ओळंबा बाळगावा. पावशेर वजनाचें शिसें, त्यास बारीक पक्की दोरी, व दोरीस दर हातास एक गांठ, एवढेंच साहित्य लागतें. शिशाच्या बुडास खळगा पाडून त्यांत मऊ साबण किंवा चरबी भरावी. ही जुन्या नाविकांची युक्ति आहे: शिसें तळास टेकलें कीं तेथील वाळू, शिंपा वा चिखल साबणास चिकटून वर येतो. खोली दोरीनें कळते, तळ साबणानें कळतो. वाळू किंवा शिंपांचा चुरा आला तर तेथें प्रवाह जिवंत आहे. करडा चिखल आला तरी हरकत नाहीं. परंतु काळाकुट्ट, नासक्या अंड्यासारखी घाण येणारा गाळ आला, तर ती जागा कितीहि खोल असो, तेथून दोरी गुंडाळावी. याचें कारण आतां सांगतों, कारण आमच्या मतें उपनगरांतील पाण्याची अर्धी पारख या एका वासांत आहे.

माशास पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो. पाणी जितकें ऊन तितका त्यांत तो कमी मावतो: २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यांत साडेसात, खाऱ्या पाण्यांत याहूनहि कमी. यामुळें चैत्र-वैशाखांत भर दुपारीं उथळ पाणी सोडून मासा खोल, थंड पाण्याकडे जातो हा सामान्य नियम बरोबर आहे. हिंवाळ्यांत उलट होतें. जिताडा ऊबेचा मासा असल्यामुळें पौष-माघांतल्या सकाळीं तो गारठून खोलांत सुस्त पडतो, व दुपारच्या उन्हानें तापलेल्या भाटीवर भरती चढली कीं तेथें येतो. पुस्तकांत येथवरच लिहिलेलें असतें. परंतु हा नियम एका गोष्टीवर उभा आहे: खोल पाण्यांत हवा असली पाहिजे. जेथें शहराचें सांडपाणी येतें तेथें तळाशीं सांचलेली घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकते, आणि वर सांगितलेला काळा गाळ हीच त्याची खूण. अशा ठिकाणीं खोल पाणी म्हणजे आसरा नसून सापळा असतो, आणि मासा नाइलाजानें उथळाकडे, किंवा जेथें स्वच्छ पाणी येऊन मिळतें अशा तोंडाशीं गोळा होतो.

पवईचें तळें हें याचें ठळक उदाहरण आहे. शहरास पाणी पुरविण्यासाठीं मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १८९१ सालीं बांध घालून तें तयार केलें; पुढें पाणी पिण्यास योग्य नाहीं असें ठरून तो हेतु सुटला. आरंभीं त्याची खोली कडेस १० फूट तर मध्यें ४० फुटांच्या जवळपास होती. भोंवतालच्या टेंकड्या फोडल्या गेल्या, वस्ती वाढली, गाळ येत गेला व तळें भरत चाललें. त्यांत सांडपाणी व जलपर्णी यांची भर पडली. येथें जिताडा नाहीं. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ हे मासे आहेत. कटला वरच्या थरांत खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं; म्हणून जुन्या गळवाल्यांचा ठोकताळा असा कीं उन्हाळ्यांत बांधाजवळ खोलांत गळ सोडावा. स्वच्छ तळ्यांत तो आजहि चालेल. परंतु जलपर्णीनें झांकलेल्या पाण्यास ना ऊन मिळत ना वारा लागत, आणि उन्हाळ्यांत वरचें ऊन पाणी हलकें होऊन खालच्या पाण्यावर झांकणासारखें बसतें. खालच्या थरास हवा पोंचत नाहीं. मग तळाशीं राहणारा मृगळहि वर सरकतो. अशा तळ्यांत वारा ज्या कांठास आपटतो तो कांठ धरावा, मग तो उथळ कां असेना. तेथील पाणी घुसळलेलें व हवाशीर असतें. मरळाची गोष्ट वेगळी. तो पृष्ठावर येऊन वरची हवा घेऊं शकतो, त्यामुळें जलपर्णीच्या कडेच्या कोंदट उथळांतहि तो सुखानें राहतो. मरळ सांपडला म्हणून तेथें दुसरे मासे असतील असें अनुमान काढूं नये. पवईच्या कांठीं महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संस्था आहे. तिच्या नियमांप्रमाणेंच तेथें गळ टाकावा. आणि पवईंत मगरी आहेत, तेव्हां उथळ पाण्याची पारख तेथें पाण्यांत उभें राहून करूं नये, कांठावरूनच करावी. विहार व तुळशी हीं शहराच्या पिण्याच्या पाण्याचीं तळीं राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत आहेत. तेथें गळाचा विचारच नको.

हाच न्याय खाड्यांस लावावा. मालाडची खाडी व ठाण्याच्या खाडीचा आंतला भाग यांत सांडपाण्याचा भार मोठा आहे. अशा जागीं ओहोटीच्या अखेरीस उरलेलें डोहांतील पाणी सर्वांत वाईट व भरतीचें नवें पाणी सर्वांत चांगलें; म्हणून तेथें भरतीचाच पूर्वार्ध साधावा. पण खरें सांगावयाचें तर, ज्या पाण्याचा तळ काळा व वास नासका, त्यांतील मासा घरच्या मुलांच्या पानांत वाढूं नये असें आमचें मत आहे. गोराई-मनोरीकडील मोकळ्या मुखाजवळचा एक मासा तेथील चार माशांहून बरा. ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य आहे व २०२२ सालीं तो रामसर यादींतहि घेतला गेला. तेव्हां जागा निवडण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. भाटीच्या चिखलाबद्दलहि एक शब्द. ओहोटीस भाटीवरून आंत चालत जाणाऱ्याच्या मागील ओढा भरतीनें आधीं भरतो, व परतीची वाट बंद झाल्याचें त्यास उशिरां कळतें. तिथीची पाऊणपट येथें माशासाठीं नव्हे, जिवासाठीं करावी.

पावसाळ्याचें गणित थोडें निराळें. मोठा पाऊस पडला कीं डोंगरावरचें गोडें पाणी खाडींत येतें. गोडें पाणी हलकें असल्यामुळें तें वरून वाहतें व खारें पाणी तळाशीं राहतें. जिताड्यास दोन्ही चालतात. परंतु बोयी व कोळंबी पुराबरोबर ढकलल्या जाऊन कांठच्या मंद पाण्यांत, ओढ्यांच्या तोंडांशीं गोळा होतात, आणि जिताडा तेथें येतो. हे त्याच्या विणीचेहि दिवस आहेत. या दिवसांत सांपडलेली मोठी मादी परत सोडावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पुढील वर्षीं आमच्या खाजणांत जें बीज येणार तें तिच्याच पोटांत असतें.

आणि आतां खाजणाकडे. पेण-अलिबागकडील शेतकरी खारभूमींतील तळ्यांत जिताड्याचीं पिल्लें सोडून वाढवीत आले आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे. पूर्वीं हीं पिल्लें खाडींतूनच धरावीं लागत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याची वीण बंदिस्त पाण्यांत घडवून आणल्यापासून तयार बीजाचाहि मार्ग खुला झाला. आमच्या उपनगरांतच, वेसाव्यास, १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्यांस हा उद्योग नव्यानें करावयाचा त्यांनीं तेथील माहिती अवश्य मिळवावी. आम्ही येथें केवळ खोलीपुरतें लिहितों.

खाजणतळें सर्वत्र सारखें खोल किंवा सर्वत्र सारखें उथळ करूं नये. सर्व तळें दोन फूट असेल तर वैशाखांत तें कढईसारखें तापतें. सर्व तळें आठ-दहा फूट असेल तर तळाशीं वारा पोंचत नाहीं, गाळ काळा पडतो व मासा खोलांत राहूंच शकत नाहीं. आमच्या मतें मुख्य भाग तीन-साडेतीन फूट ठेवून बांधाच्या आंतल्या अंगानें सहा-सात फूट खोलीचा चर काढावा, व तो चर उघाडीस मिळवावा. असें केल्यानें दिवसा मासा चरांत उतरतो, रात्रीं व सकाळीं उथळांत चरतो, आणि भरतीचें ताजें पाणी प्रथम चरांतच येतें. चराचा तळ दर पंधरवड्यास ओळंब्यानें तपासावा. साबणास काळा गाळ लागूं लागला कीं पाणी बदलण्यास विलंब लावूं नये.

पाण्याचा निवळपणा मोजण्यासाठीं एक पांढरी थाळी दोरीस आडवी बांधून पाण्यांत सोडावी व ती दिसेनाशी होईल ती खोली पाहावी. सेक्की नांवाच्या इटालियन ज्योतिषानें १८६५ सालीं समुद्रावर ही रीत वापरली व आजहि जगभर ती चालू आहे. तळ्यांत थाळी हात-पाऊण हातावर दिसेनाशी होत असेल तर पाणी ठीक. वीतभरांतच दिसेनाशी झाली व पाणी हिरवेंगार असलें तर शेवाळ फार माजलें आहे. हें शेवाळ दिवसां प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तोच खातें, त्यामुळें पहाटे तळ्यांत हवा सर्वांत कमी असते. पहाटे मासे उथळांत, कडेकडेनें, तोंडें वर काढून असले, तर नवखा मालक हरखून जातो व त्यांस खाद्य टाकतो. ते खाण्यासाठीं आलेले नसतात, श्वासासाठीं आलेले असतात. त्या वेळीं टाकलेलें खाद्य तळाशीं कुजून संकट दुणावतें. खाद्य बंद करावें, पंप असल्यास पाण्याचा फवारा तळ्यावरच उडवावा, नसल्यास काठ्यांनीं पाणी घुसळावें, व भरती येतांच उघाडी उघडावी.

सर्वांत धोक्याचे दिवस मृगाच्या आरंभाचे. चार दिवस आभाळ भरून येतें, वारा पडतो, ऊन नसल्यामुळें शेवाळ हवा देत नाहीं. मग पहिल्या सरींचें गोडें पाणी तळ्याच्या खाऱ्या पाण्यावर झांकणासारखें बसतें व खोल चर आंतल्या आंत गुदमरतो. वर्षभर वाढविलेला मासा एका रात्रींत जातो तो याच वेळीं. यास्तव रोहिणीचें नक्षत्र लागतांच मासा हलका करावा, म्हणजे विक्रीजोगा झालेला काढून घ्यावा. आणि पाऊस पडल्यावर ओहोटीस उघाडीच्या फक्त वरच्या फळ्या काढून वरचें गोडें पाणी सोडून द्यावें, नंतर पुढच्या भरतीस खालच्या फळ्या उचलून खाडीचें खारें पाणी तळाशीं, चरांतून आंत घ्यावें. सर्व फळ्या एकदम काढल्यास चांगलें व वाईट पाणी बरोबरच बाहेर जातें, आणि बांधाच्या मातीसहि ओढ लागते.